आईची तीन कारणं

मी चौथीत होते तेव्हा दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत गेलेच नाही. आईनं मला घरी ठेवून घेतलं आणि स्वतः शिकवायला लागली. गोष्ट १९७०च्या आगेमागेची, नागपुरातल्या आमच्या मिल कामगारांच्या वस्तीतली. तिथं पोरींना शाळेतून काढत ते धुण्याभांड्यांसाठी, नाहीतर लग्नासाठी. शिकवायचं म्हणून पोरीला शाळेतून काढणारी बाई कोणी पाहिली नव्हती. त्यामुळे जी भेटेल ती आईला विचारायची, काहून?

खरं कारण सहा महिन्यांचं होतं आणि रांगायलाही लागलेलं नव्हतं. आमच्या वर्गाच्या बाई नव्या, टेंपरवारी. नवरा वारलेला, घरी कोणी नाही, म्हणून तान्हं बाळ शाळेत घेऊन यायच्या. ते फक्त माझ्या खांद्यावर गप्प राहायचं. मग मी बाळ घेऊन व्हरांड्यात फेऱ्या मारायचे आणि आत बाकीच्या मुली गुणाकार करायच्या. खोटं कशाला बोलू, मला ते काम आवडायचं. पण माझ्या झंपरला येणारा दुधाचा वास एक दिवस आईच्या नाकात गेला. ती शाळेत आली, व्हरांड्यात मला पाहिलं आणि बाईंशी बोलली. बाई रडल्या, आठ दिवसांत बाळाची सोय करते म्हणाल्या. आठ दिवसांनी मी व्हरांड्यातच होते.

"हेडमास्तरले सांगतलं तं त्या बाईची नोकरी जाते," आई बाबांना म्हणाली. "दुसऱ्या शाळेत टाकाचं तं दाखला पाह्यजे, अन् दाखल्यासाठी कारण पाह्यजे."

"मंग ठेव घरी," बाबा म्हणाले. पहिली पाळी करून आलेल्या माणसाला याहून जास्त विचार करणं शक्य नव्हतं. मला ताकीद मिळाली की बाळाचा विषय कोणापुढे काढायचा नाही.

आई खोटं बोलण्यात अगदीच कच्ची. एकच कारण ठरवावं आणि सगळ्यांना तेच सांगावं, एवढंही तिला सुचलं नाही. शेजारच्या काकूंना तिनं सांगितलं, पोरीला ऊन सोसत नाही, घोळणा फुटून नाकातून रक्त येतं. समोरच्या मावशी लोकांचे कपडे शिवायच्या; त्यांना सांगितलं, पोरीचे डोळे अधू झालेत, डॉक्टरनं वाचायला मना केलंय. हेडमास्तरांची बायको आमच्याच ओळीत राहायची. तिला सांगितलं, नरखेडकडे गावी सासू अंथरुणाला खिळली आहे, पोरीला सारखं तिच्याजवळ पाठवावं लागतं. ही तीन कारणं मे महिन्यापर्यंत तीन घरांत सुखानं नांदली.

मे महिन्यात कुरड्या आल्या. ज्या घरच्या कुरड्या, त्या घरी ओळीतल्या साऱ्या बायकांनी हात लावायला जायचं, अशी आमच्याकडे रीत होती. आमच्या घरची पाळी आली. गव्हाचा चीक गरम आहे तोवरच साच्यातून नीट निघतो, त्यामुळे एकदा बसलं की मध्ये कोणालाही उठता येत नाही. आई साचा दाबत होती. काकू, मावशी आणि हेडमास्तरीणबाई खाटेवरच्या धोतरावर कुरड्या नीट करत होत्या. चुलीपाशी माझी आजी चीक घोटत होती. ती कालच गावाहून आलेली, ठणठणीत. आणि मी भर उन्हात कावळे हाकलायला बसले होते, मांडीवर पुस्तक घेऊन.

"अवं, पोरगी उनात काहून बसवली?" काकू म्हणाल्या. "घोळणा फुटन ना तिचा."

"घोळणा?" मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "तिचे तं डोळे खराब हायेत. अन् हे वाचून काय राहिली मंग?"

हेडमास्तरीणबाईंनी हातातलं काम सोडलं. चुलीकडे बघत बसल्या. मग विचारलं, "अन् या कोण वं?"

"सासू," आई म्हणाली. दुसरं म्हणणार तरी काय?

"मीच वं बाई," आजी कौतुकानं म्हणाली. "काल एसटीनं आली."

हेडमास्तरीणबाईंनी हात पुसले. "शाळेत काही झालं का? मी घरी आमच्या मास्तरायले इचारतो."

आता बाळ उघडकीला येणार, बाईंची नोकरी जाणार आणि आईजवळचा अभ्यास सुटून जूनमध्ये मला मुकाट्यानं शाळेत जावं लागणार, हे सगळं मला एकदम दिसलं. आईनं साचा दाबणं थांबवलं नाही. मानही वर केली नाही.

"मले शिकाचं हाये," ती म्हणाली. "मी तिसरीतून उठली. पोरगी घरी रायते तं तिच्यासंगं माह्यंबी होते. ते शाळेत गेली तं मले कोण शिकवन? लाज वाटे सांगाले."

कोणी हसलं नाही. हेडमास्तरीणबाई म्हणाल्या, "येवढंच होतं, तं सासूले काहून खाटेवर टाकलं?" तेव्हा मात्र सगळ्या हसल्या, आजी सोडून. ती चीक थंड होऊन राहिला म्हणून ओरडत होती.

मला इतकं हलकं वाटलं की मी एका कावळ्याला खुशाल कुरडई नेऊ दिली. शेवटचं खोटं आईनं फार सुरेख रचलं होतं.

दोनतीन दिवसांनी आम्ही भागाकाराला बसलो. आई नेहमीसारखी म्हणाली, "हे कसं आलं, सांग बरं." ती माझी परीक्षा घेते, असं मी सहा महिने समजत होते. त्या दिवशी मी लाडात आले. मी म्हटलं, "आज तूच सांग."

आईनं पाटी पुढं ओढली. पेन्सिल धरली आणि बराच वेळ आकड्यांकडे पाहत राहिली.

"मले नाही येत वं," ती म्हणाली. "तूच सांग."

मला तिची दया यायला हवी होती. पण मला आनंदच झाला. बाळ काय, आज ना उद्या चालायला लागलं असतं, आणि मग मला घरी ठेवायला कारण उरलं नसतं. आईला तर अजून सगळंच शिकायचं होतं. मी तिच्याजवळ सरकले आणि तिला पहिल्यापासून सांगायला लागले.