दाखला नंतरही चालला असता

नेहा, अमेय, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — तुमच्या आजोबांनाही नाही. मग आत्ता का? नेहा, परवा तू फोनवर सहज म्हणालीस, "बाबांच्या ऑपरेशनसाठी रजा मिळाली, दाखला नंतर दिला तरी चालतो." मी "बरं झालं" म्हणून फोन ठेवला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

एकोणीसशे सत्तरनंतरच्या वर्षांत मी कोल्हापुरात एका कचेरीत रजेचं काम बघत होते. माझं काम चोख असे. त्याचा मला अभिमान होता — जरा जास्तच. एका चैत्रात एका कारकुनाने "आजी अत्यवस्थ" म्हणून रजा घेतली आणि परतला तो कानामागे जोतिबाचा गुलाल घेऊन. "बाई, आजीनंच उधळला व्हय ह्यो?" कुणीतरी ओरडलं. सगळी कचेरी हसली. त्याला नव्हे — मला.

त्याच आठवड्यात शमीम टेबलापाशी आली. आमची टायपिस्ट, विशीतली, नेसरी गावची. "बाई, अम्माला लई बरं न्हाय. आजच्या एसटीनं जाऊ का?"

"आधी डॉक्टरचा दाखला. मग रजा."

नियम तसा नव्हता. घरच्यांच्या आजारपणात दाखला परत आल्यावर दिला तरी चालत असे. हे मला पाठ होतं. मग मी असं का म्हणाले? पुन्हा हसं नको होतं — इतकंच.

तिने एसटीच्या कंडक्टरकडे भावासाठी दाखल्याचा निरोप दिला. गावात तेव्हा दाखला देणारा डॉक्टर नव्हता. गडहिंग्लजचा डॉक्टर पेशंट पाहिल्याशिवाय लिहून देईना. म्हणून भावाने अम्माला बैलगाडीत घातलं. तो रस्ता, ते धक्के — ती गाडीतच गेली. शमीम तेव्हा माझ्यासमोर टाइप करत बसली होती.

शमीम कामावर परतल्यावर साहेबांनी आम्हा दोघींना बोलावलं. मला विचारलं, "दाखला नंतर चालतो, हे हिला सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतं," मी म्हणाले. माझा आवाजसुद्धा हलला नाही.

शमीमने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही — काहीतरी आठवून पाहावं तसं. मग म्हणाली, "सांगितलं असंल की, सायब. माझंच डोकं ठिकाणावर नव्हतं."

तेव्हाच बोलता आलं असतं, नाही का? निदान दुसऱ्या दिवशी, दोघीच असताना? मी निवृत्त झाले तेव्हा तिनेच मला हार घातला — तेव्हा तरी?

शमीम आता गडहिंग्लजला असते. मागच्या वर्षी सुनेला घेऊन मला भेटायला आली होती. सुनेला सांगत होती, "बाईंनी नीट सांगितलं हुतं. मीच इसरले, आन् अम्मा गेली."

मी चहा ओतत राहिले.

ती अजूनही तसंच मानते.