आतोबा वाचायला शिकतात

इंदुरात वाचायला शिकायला सगळ्यात जास्त वेळ जर कोणाला लागला असेल, तर तो आमच्या आतोबांना, आणि तोही शाळा-निरीक्षक म्हणून रिटायर झाल्यावर. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. त्यांचे पणजोबा संस्थानच्या दफ्तरात कारकून होते, आजोबाही तिथेच, आणि त्या घराण्याच्या सुंदर अक्षराचा अभिमान आतोबांच्या नाकावर चष्म्याच्याही वर बसलेला असे. कोणाच्या लग्नाची पत्रिका आली की मुहूर्त नंतर, आधी लाल पेन. पोहे खायला गेले तर भावफलकात दुकानदाराच्या चुका काढत बसायचे, आणि तोवर बरोबरच्यांची जिलबी थंड व्हायची. त्यांच्या नोकरीच्या काळात थेट मानपुरापर्यंतच्या शाळांतले मास्तर त्यांची जीप दिसली की आधी पाणी प्यायचे आणि मग फळा पुसायचे.

पण त्यांची खरी सवय म्हणजे प्रश्न विचारणे. भाजीवाल्याला बटाटा हे मूळ की खोड ते विचारतील, रिक्षावाल्याला सतराचा पाढा विचारतील. माझ्या नवऱ्याकडची मंडळी मला बघायला आली तेव्हा सगळे त्याला नोकरीचं विचारत होते, आतोबांनी चंबळ नदीचा उगम विचारला. उगम इथलाच, मानपुराजवळच्या डोंगरातला. नवरा बिचारा घाबरून म्हणाला, "हिमालय." लग्न झालं, पण आतोबा आजही त्याला फोनवर "काय हिमालय, कसं काय?" असंच म्हणतात.

तर असे हे आतोबा रिटायर झाल्यावर आत्याबरोबर चतुर्थीला खजराण्याच्या गणपतीला जाऊ लागले. तिथे दूर्वा, हार, नारळ विकणाऱ्यांची पोरं दिवसभर दुकानांच्या मागे हुंदडत असतात. त्यांतली बहुतेक शाळेत जात नाहीत हे कळल्यावर आतोबांचं डोकं फिरलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी अक्षरांचा तक्ता, पाट्या आणि आपला निरीक्षकी आवाज घेऊन ते पार्किंगमागच्या ओट्यावर हजर झाले. आवाज ऐकून सगळी पोरं पळाली. एक मुलगी तेवढी उरली, कारण तिला दूर्वांची टोपली सोडून जाता येत नव्हतं. तिचं नाव गुड्डन. आतोबांनी पहिल्या अक्षरावर छडी ठेवली आणि गरजले, "ये क्या है?"

गुड्डनने तक्त्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. "आपको नी मालूम, बाबा?"

आयुष्यात त्यांना असं कोणी विचारलं नव्हतं. हातातली छडी हळूच खाली आली. मुलीला त्यांची दया आली. म्हणाली, "मेरे को भी नी मालूम। पर परेशान मत हो, कल पूछ के बता दूँगी।"

आता यात त्या पोरीचं काय चुकलं, सांगा. जगात ज्याला माहीत नसतं तो विचारतो. माहीत असून विचारायची रीत फक्त मास्तरांत आणि सासवांत. दुसऱ्या दिवशी गुड्डनने हारवालीच्या शाळेत जाणाऱ्या मुलाला विचारून खरोखर उत्तर आणलं. "ये 'अ' है बाबा। बोलो।" आणि आतोबा चक्क 'अ' म्हणाले. ती पोर इतकी खूश झाली की दुसरं अक्षर विचारायला लगेच धावली.

त्या संध्याकाळी आतोबा आमच्या घरी आले आणि मला म्हणाले, "उद्यापासून तू शिकवायचंस. ऑफिसला जायच्या आधी."

"आणि तुम्ही?"

"मी पोरांत बसणार."

मला वाटलं गंमत करतायत. पण गंमत हा विषय आतोबांनी कधी तपासलाच नव्हता. ते खरंच मांडी घालून शेवटच्या ओळीत बसले, आणि एवढ्या मोठ्या माणसाला काहीच येत नाही म्हटल्यावर बघायला सगळी पोरं गोळा झाली. त्यांना शिकवायला मिळावं म्हणून जो तो आधी स्वतः शिकायला लागला. मी फळ्यावर अक्षर काढायचे, गुड्डन घोटून घ्यायची आणि मग आतोबांच्या शेजारी बसून त्यांना झापायची. "इत्ते बड़े हो गए, 'ब' और 'व' में फरक नी समझता?" मी फळ्याकडे तोंड करून पदराआड हसायचे.

अडचण एकच होती, हात. वाचायचं सोंग जमलं, पण घराण्याचा हात वाईट लिहायला तयार होईना. पहिल्याच दिवशी त्यांनी असा काही 'क' काढला की अख्खा वर्ग त्यांच्या पाटीभोवती जमला. "वो तो चित्र जैसा उतारा," म्हणून त्यांनी वेळ मारून नेली आणि घरी जाऊन डाव्या हाताने वाईट अक्षराचा सराव सुरू केला. ते वेडेवाकडे कागद आत्याच्या हाती लागले. तिला वाटलं, झालं, अर्धांगाचा झटका. रडत रडत तिने त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "आज कौन सा दिन है?" आतोबा म्हणाले, "आपको नहीं मालूम?" डॉक्टरांनी ताबडतोब डोक्याचा स्कॅन लिहून दिला. तेव्हा कुठे त्यांना आत्याला सगळं सांगावं लागलं. ती डोळे पुसत म्हणाली, "अहो, आधी सांगायचं ना, मी शंकरपाळे दिले असते." तेव्हापासून वर्गाला शंकरपाळे सुरू झाले.

एकदा मानपूरकडचे एक जुने मास्तर दर्शनाला आलेले. ओट्यावर पाटी घेऊन बसलेले निरीक्षकसाहेब बघून त्यांच्या हातातला नारळच सुटला. "साहब, आप?" आतोबा तोंड उघडायच्या आत गुड्डन म्हणाली, "सीख रिये हैं। बारहखड़ी तक आ गए।" मास्तर दर्शन न घेताच परत गेले.

अशी दोनेक वर्षं गेली. गुड्डन नारळ गुंडाळलेल्या वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचू लागली, आणि आतोबा मात्र बाराखडीतच. मग जवळच्या शाळेने तिला घ्यायचं कबूल केलं. तिची आई तयार झाली, दप्तर आलं. आणि ऐन वेळी गुड्डन अडून बसली. शाळा सकाळची, म्हणजे आमच्या वर्गाच्याच वेळेची. "मैं नी जाऊँगी। बाबा को कौन पढ़ाएगा? बाकी लोग तो हँसते हैं इन पे।"

आईने समजावलं, मी समजावलं. ती टोपली घट्ट धरून बसली. मी आतोबांना बाजूला घेतलं. "पुरे झालं हे. सांगून टाका तिला खरं."

"सांगू?" आतोबा म्हणाले. "आजवर तिने एकच काम मनापासून केलंय, मला शिकवायचं. ते खोटं होतं म्हणून सांगू?" मग त्यांनी आपली पाटी पुसायला घेतली. "मला पास व्हावं लागेल गं," ते शेवटी म्हणाले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माणसाला पास व्हायचं नव्हतं. पोरं पुढे जावीत म्हणून तो मागे बसला होता, आणि आता त्याला तिथून उठवत नव्हतं.

आठवडाभरात त्यांना वाचता येऊ लागलं. त्यावर गुड्डनलाच संशय. "एकदम से कैसे आ गया? किसी और से तो नी पढ़ रिये?"

"गणपतीची शपथ," आतोबा मराठीतच म्हणाले, आणि मग हिंदीत, "तेरे सिवा कोई नी।"

परीक्षा सगळ्या वर्गासमोर झाली. गुड्डनने पुस्तकातला शेवटचा धडा काढून दिला. कुठे कुठे अडखळायचं ते आतोबांनी आदल्या दिवशी ठरवून ठेवलं होतं. पण ते अडखळले भलत्याच ठिकाणी, 'घर' या साध्या शब्दावर, आणि पुढे आवाजच फुटेना. ते सोंग नव्हतं, मी शेजारीच होते. ज्यांच्यासमोर मास्तर मंडळींची त-त प-प व्हायची त्या आमच्या आतोबांची मान खाली गेली होती, आणि मलाही तिकडे बघवेना. गुड्डनने त्यांचं बोट धरून त्या शब्दाखाली ठेवलं. "घबराओ मत, बाबा। उँगली रख के पढ़ो।"

त्यांनी बोट ठेवून शेवटपर्यंत वाचलं. तिने जरा विचार केला. "अटकते हो," ती म्हणाली, "पर पास।" दुसऱ्या दिवशी दप्तर घेऊन निघताना ओट्यापाशी थांबली आणि बजावून गेली, "रोज पढ़ना, नी तो भूल जाओगे।"

वर्ग अजून चालतो, पण आतोबा आता येत नाहीत. पास झालेला माणूस त्याच वर्गात कसा बसणार, असं त्यांचं म्हणणं. परवा सकाळी त्यांच्या घरी गेले तर वर्तमानपत्र वाचत बसले होते. पहिल्याच मथळ्यात ढळढळीत चूक होती, मला दारातून दिसली, पण लाल पेन खिशातच होतं. उजव्या हाताचं बोट ओळीखाली ठेवून एकेक शब्द हळू आवाजात वाचणं चाललं होतं.

"काय आतोबा," मी चिडवलं, "अजून बोट लागतं?"

त्यांनी मान वर केली नाही. "रोज वाचायला सांगितलंय गं," म्हणाले, आणि बोट पुढच्या ओळीवर नेलं.