विमलच्या घरची दुसरी घागर

खोटं कशाला बोलू... यंदाच्या आखाजीला माझ्या पोटात दुखत होतं, आणि ते आमरस जास्त झाल्यामुळे नव्हतं.

आमचं गाव तळोद्याच्या अलीकडे. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे दिवाळीपेक्षा मोठी. घरातून जे गेले त्यांच्या नावाने त्या दिवशी मातीची नवी घागर भरतात, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, सोबत सांजोरीचा गोड नैवेद्य.

आमच्या गल्लीत दोन घरं मात्र वेगळी. माझे आप्पा आणि विमलचे वडील हिलालभाऊ एकाच दिवशी भरती झाले, एकाच चौकीवर होते आणि एकाहत्तरच्या लढाईत दोघेही बेपत्ता झाले. मी तेव्हा रांगत होते, विमल पोटात होती.

मेले असं कुणी सांगितलंच नाही, मग घागर कशी भरायची? म्हणून दर आखाजीला आमच्या दोघींच्या आया आमच्या ओट्यावर बसायच्या. कपाळावर ठसठशीत कुंकू लावून, गल्लीतल्या घागरी बघत... आम्ही दोघी झोक्यावर.

शाळेत वडील हयात की मयत असा रकाना असायचा. आम्ही दोघी तो कोरा ठेवायचो आणि दोघी बोलणी खायचो. अख्ख्या वर्गात माझ्यासारखी तीच एक होती, म्हणून विमल माझी.

चार वर्षांपूर्वी विमलची आई गेली. कुंकवासकट गेली. तेव्हापासून विमल आईची घागर भरायची, पण भरून झाली की येऊन आमच्याच ओट्यावर बसायची.

गेल्या वर्षी कळलं की वर सरहद्दीवर बर्फात, त्यांच्या जुन्या चौकीपाशी, एका माणसाच्या अस्थी सापडल्यात. मिलिटरीचे लोक येऊन आम्हा दोघींचं रक्त घेऊन गेले. एकाच माणसाच्या अस्थी... आणि वाट बघणारी घरं दोन.

मी देवाला काय मागितलं ते लिहायला लाज वाटते. ते आप्पाच निघू देत, विमलचे नकोत.

एका सकाळी विमलला फोन आला. जुळलं होतं. माझा फोन तेव्हापासून हातातच होता, तो दुपारी वाजला... आमचं जुळलं नव्हतं.

नंतर जे झालं ते तुम्ही सगळ्यांनी व्हिडिओत पाहिलंत. फुलांनी सजवलेला ट्रक, झेंडे घेतलेली पोरं, बिगूल, बंदुकांची सलामी. साहेबाने तिरंग्याची घडी विमलच्या हातात दिली आणि गर्दीत उभी राहून मी काय बघत होते? तर विमलची साडी! म्हटलं, बापाच्या अंत्यविधीला कुणी नवी साडी नेसतं का?

तिच्या स्टेटसला त्या झेंड्याचा फोटो लागला तशी मी तिला म्यूट केलं. गावाच्या कमानीला हिलालभाऊंचं नाव द्यायचं ठरलं, तेव्हा तर दोन दिवस जेवण गेलं नाही. लोकांना म्हणायचे, 'बरं झालं हो, सुटली बिचारी.' आतून नुसता जळफळाट. पन्नास वर्षं बरोबरीने वाट पाहिली, आणि ही बया एकटीच पुढे निघून गेली...

आखाजीला विमलने कुंभाराकडून दोन घागरी आणल्या. मी दाराआडून पाहिल्या आणि ठरवलं, आज तिच्याकडे पाऊल टाकायचं नाही.

माझी माय शहात्तर वर्षांची. सकाळीच तिने वेणी घातली, कुंकू लावलं, काठी घेतली. "उठ पोरी. इमलना घर जाऊत."

"तू काब्र जास तठे?" कशाला जायचं तिथे, म्हणून मी करवादले.

"हिलालभाऊनी पहिली घागर शे. मी नही गऊ ते कोन जाई?"

गेले मग, तोंड फुगवून. विमलच्या ओसरीत दोन घागरी शेजारी शेजारी मांडलेल्या. मायला बघताच विमल तिच्या गळ्यातच पडली. "मावशी... मायले सांगानं ऱ्हाई गयं व..."

एवढंच म्हणाली आणि हुंदके द्यायला लागली. ही बातमी जिला सांगायची तीच विमलच्या घरात नव्हती, आणि माझी माय माझ्याजवळ उभी होती, काठी टेकून. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं इतके दिवस.

विमलने पाण्याचा तांब्या मायच्या हातात दिला. मायने घागरीत पाणी ओतलं, थोडं बाहेर सांडलं. माय घागरीकडे बघून बोलायला लागली, ओट्यावर बसून शेजाऱ्याशी बोलावं तसं.

"हिलालभाऊ, तुम्ही घर उनात, बरं व्हयनं. ते कोठे शेतस, हाई तुमले ठाऊक शे. तेस्ना निरोप धाडा."

ते म्हणजे आप्पा, माय त्यांचं नाव घेत नाही. विमलने माझा हात धरला, आणि मी तो सोडवला नाही.

जेवण तिच्याकडेच झालं. संध्याकाळी तिघी आमच्या ओट्यावर बसलो... नेहमीसारख्याच.

विमल, हे वाचशील म्हणून सांगते, म्यूट काढलंय. साडी चांगली होती. हेवा अजून आहे, तो एका दिवसात जायचा नाही. पण मायला तिचं म्हणणं सांगायला जागा मिळाली ती तुझ्या घरी, त्याबद्दल तुझे उपकार मानते.

आणि एक. तुझी बातमी फोनवर आली हे माय विसरलेली नाही. आखाजीपासून ती रोज दोनदा विचारते, "तुन्हा फोन चार्ज शे ना?"

आहे माय... फुल आहे.