सहीच्या वरची ओळ

नव्वदच्या दशकात द्वारका चौकाजवळच्या आमच्या वाचनालयात एक रीत होती. पुस्तक वाचून झालं की शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं अभिप्राय लिहायचा. एका रहस्यकादंबरीचं ते पान भरलं होतं. मनमाडहून निवृत्त होऊन आलेल्या रेल्वेच्या गार्डकाकांचा अभिप्राय आणि त्यांची सही यांच्यामध्ये थोडी जागा होती. त्यांचं न वाचताच मी तिथे फुशारकीनं लिहिलं, ‘खुनी डॉक्टरच, मी चाळिसाव्या पानावर ओळखलं.’

बरेच जण आधी शेवटचं पान उघडतात. तक्रारी आल्या, आणि सही काकांची! मालक म्हणाले, “काका, या वयात हे धंदे? उद्यापासून येऊ नका.” मी शेजारीच उभा होतो. गप्प राहिलो.

महिनाभर काका दिसले नाहीत. मग मी ते पुस्तक काढून त्यांचा अभिप्राय वाचला. ‘नायक दारुडा आहे, भित्रा आहे, दुसऱ्याला गोत्यात आणतो. पण शेवटी स्वतःहून कबूल करतो, म्हणून मला आवडला.’

हा सगळा प्रकार मी आजवर बायकोलाही सांगितलेला नाही. अभिप्राय वाचून तसाच उठून काकांच्या घरी गेलो आणि सगळं बोलून टाकलं.

“चाळिसाव्या पानावर? मला पंचविसाव्यालाच कळलं होतं,” ते म्हणाले. “चहा घेणार ना?”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं वाचनालयात गेलो. मालकांनी काकांना त्यांचं कार्ड परत दिलं आणि माझ्या हातात खोडरबर ठेवलं.