गाडी थकली आहे, मोडलेली नाही

जगातली कोणतीही वस्तू मोडत नाही, ती फक्त थकते, या श्रद्धेवर आयुष्य काढणारे एकच गृहस्थ मला ठाऊक आहेत, आणि ते लालबागच्या आमच्या चाळीत, माझ्या खोलीच्या बरोबर दोन मजले खाली राहतात. घरसामान हलवणे हा या माझ्या शेजाऱ्यांचा धंदा, आणि एक पिकअप टेम्पो हे त्यांचे भांडवल. त्यांच्या छत्रीचे कापड दोनदा आणि दांडी तीनदा बदलली आहे, तरी ती त्यांच्या मते लग्नातलीच छत्री. परळच्या इस्पितळात डॉक्टरांनी गुडघा बदलायला सांगितला, तेव्हा "कंपनीचो पार्ट तो कंपनीचो पार्ट, डॉक्टर," असे म्हणून ते लंगडत घरी आले, आणि ज्या बाटलीतले खोबरेल टेम्पोच्या बिजागऱ्यांना घालत, त्याच बाटलीतले गुडघ्याला चोळू लागले. कुणाच्या कुरकुरीत किती फरक पडला, हे वहिनींना विचारण्याचे धैर्य मला कधी झाले नाही.

टेम्पोविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे. त्याचा चालकाच्या बाजूचा दरवाजा फक्त बाहेरून उघडत असे. त्यामुळे शेजारी मुक्कामी पोचले, की जाणाऱ्या-येणाऱ्यास हाक मारून स्वतःची सुटका करून घेत. दुसरा दरवाजा काथ्याच्या दोरीने बांधलेला. आणि गाऱ्हाणे घातल्याशिवाय ती गाडी सुरू करायची नाही, हा दंडक. मालवणकडच्या देवळात घालतात तसे गाऱ्हाणे ते रोज सकाळी चाळीच्या पटांगणात, बॉनेटवर हात ठेवून घालत: "बा देवा म्हाराजा, आज ही गाडी रस्त्याक लागता हा. तिका पुढे जावक बळ दी. आणि ज्याचा सामान जाता हा, त्याका नव्या जागेत चोवीस तास पाणी गावंदे रे म्हाराजा!" यावर कुणीतरी "व्हय म्हाराजा" म्हटल्याखेरीज किल्ली फिरत नसे. एके काळी तीन मजल्यांच्या गॅलऱ्यांतून, तोंडात ब्रश असलेली माणसेसुद्धा हा होकार देत. पण होकार देणारी ती कुटुंबे एकेक करून त्याच टेम्पोतून विरारला, बदलापूरला गेली. आपल्याच धंद्याने आपला होकार कमी होत गेला, हे शेजाऱ्यांच्या लक्षात आले असावे. शेवटी सकाळी गॅलरीत उभा राहणारा मी एकटा उरलो. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी केली. माझा आवाज शेजारच्या टेबलापर्यंतही जाऊ नये, याचीच मला सवय. "मास्तर," शेजारी खालून ओरडत (मी मास्तर कधीच नव्हतो, पण चष्म्यापुढे माझे काही चालले नाही), "देवापर्यंत नाय तर नाय, निदान गाडीपर्यंत तरी जावंदे!"

गाडी दुरुस्त करावी की बदलावी, हा वाद त्यांच्या घरात वर्षभर धुमसत होता. नवी घेऊन देण्याची मुलाची तयारी होती. चिंचपोकळीच्या मिस्त्रीने टेम्पोखालून बाहेर येत निकाल दिला, "काका, यात आता गाडी कमी नि वेल्डिंग जास्ती आहे." शेजारी शांतपणे म्हणाले, "तुझ्या बापाशीक पण तीन टाके आसत. तेका बदललंस?" मिस्त्री पुन्हा टेम्पोखाली गेला.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचे बिऱ्हाड अँटॉप हिलला लेकीकडे निघाले. आजी पुढे बसल्या, आणि आरशाचे कपाट धरायला मी मागे. वाटेतल्या एका पुलाच्या चढावर इंजिन बंद पडले, ब्रेक लागेना, आणि टेम्पो सावकाश, जणू विचार करत, मागे सरकू लागला. मागून एक कोळीण डोक्यावर टोपली घेऊन चढत होती. मी काय केले ते मला आजही नीट आठवत नाही; एवढे खरे, की आजींचा पाटा मी खाली ढकलला, उडी मारली आणि तो चाकामागे सरकवला. टेम्पो थांबला. कोळीण दोन हातांवर होती.

"डोले घरा ठेवून आयलास काय रं?" ती कडाडली. "पापलेटांच्या आधी माझाच कालवन केला असतास!"

"अरे मेल्यांनो, माझो पाटो!" आजी आतून ओरडल्या.

आतून दार उघडत नव्हते. मी ते उघडेपर्यंत शेजारी तसेच बसून होते, ब्रेकवर पाय रोवून. उतरल्यावर त्यांनी कोळिणीला हात जोडले, आणि बराच वेळ ते सोडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पटांगणात गाऱ्हाणे झाले नाही. त्याऐवजी शेजारी तो गुडघा घेऊन दोन मजले चढून माझ्या दारात आले. "मास्तर, काल पाठी तुमी होतात. तुमीच सांगा. दुरुस्त करू की बदलू?" आयुष्यात मी कुणाला काही सांगितलेले नाही, ग्रंथालयातली 'शांतता राखा' ही पाटीसुद्धा माझ्या आधीच्यांनी लावलेली होती. मी चष्मा पुसला. मग म्हणालो, "बदला."

"ह्यो शब्द बरो मोठ्यान इलो तुमका," ते म्हणाले, आणि कठड्याला धरून जिना उतरले.

नवी गाडी पांढरीशुभ्र आली. जुनी भंगारात देताना त्यांनी तिची फक्त काथ्याची दोरी सोडवून घेतली, आणि नव्या दरवाजाला, काहीही गरज नसताना, बांधली. पहिल्या सकाळी ते आत बसले, सवयीने किल्ली चाचपली, ती जराशी फिरली, आणि गाडी तत्क्षणी सुरू झाली. ते गोंधळून खाली उतरले. "मास्तर, गाऱ्हाण्याआधीच चालू झाली हो!" पाहुणा न विचारता ताटावर बसला, की यजमानाचा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. त्यांनी गाडी बंद केली, बॉनेटवर हात ठेवला आणि सगळे गाऱ्हाणे पहिल्यापासून घातले. कुलूप लावलेल्या खोल्यांच्या गॅलऱ्या ऐकत होत्या. मी कठडा घट्ट धरला आणि म्हणालो, "व्हय म्हाराजा!" काय झाले म्हणून आतून माझी पत्नी हातात झारा घेऊन धावत बाहेर आली.

शेजाऱ्यांनी वर पाहिले. "आवाज पोचलो," ते म्हणाले.

पुढच्या महिन्यात आमचेही बिऱ्हाड हलते आहे, अर्थात त्याच गाडीतून. त्या सकाळी मी कपाट धरून मागे बसलेला असेन, आणि शेजारी बॉनेटवर हात ठेवून आमच्यासाठी चोवीस तास पाणी मागतील. तेव्हा वरून होकार कोण देणार, हे मी त्यांना अजून विचारलेले नाही.