सांगलीत घेतलेलं बॅटरीचं मशिन

काल शेजारच्या मंडपात साउंडवाल्याने जुनं मशिन चालू केलं आणि तापलेल्या धुळीचा वास माझ्या स्वयंपाकघरात आला. त्यासरशी मला सांगलीतलं ते दुकान आठवलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. पलूसला आम्ही लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा काढणार होतो. अँप्लिफायरचं मशिन निवडायला नवरा, मी आणि माझी मोठी जाऊ असे तिघं गेलो. जावेचा गळा चांगला, म्हणून नवऱ्याने माइक तिच्या हातात दिला आणि पिशव्या माझ्या.

विजेवर चालणाऱ्या, काचेच्या वाल्व्हच्या मोठ्या मशिनमधून तिची ओवी इतकी भरदार आणि गोड निघाली, की रस्त्यावरची माणसं थांबली. नवरा डोळे मिटून ऐकत होता.

"ह्योच घिऊ. वैनी, लय झ्याक!"

मी पिशव्या खाली ठेवल्या. "आवं, वाड्यावस्त्यांवर लाइट न्हाई. तितं ह्यो कशावर चालवणार? वैनींच्या गळ्यावर?"

दुकानदार हसला आणि त्याने बॅटरीवर चालणारं छोटं मशिन पुढे केलं. जावेने तीच ओवी पुन्हा म्हटली. पत्र्याचा डबा वाजावा तसा आवाज आला.

"आगं बया, ह्यात मी कावळीवानी वरडतीया!" ती म्हणाली.

नवऱ्याचा चेहरा उतरला, पण माझं म्हणणं त्याला खोडता येईना. आम्ही तेच घेतलं.

त्या मशिनवरच धंदा उभा राहिला. घरात अजून माझ्या व्यवहारज्ञानाचं कौतुक होतं. खरं सांगायचं तर वाडीवाडीत लाइट असती, तरी मी तेच मशिन घ्यायला लावलं असतं.