मोठेबाबांनी हार घातलेलं विमान

मी ही गोष्ट काढली की घरातले म्हणतात, आता कायले तो जुना राग? मी म्हणते, काहून नाही? राग माझा आहे, मी तो जपून ठेवला आहे. ज्याला ऐकायचं नसेल त्यानं बाहेर जाऊन बसावं.

मी तेव्हा सातवीत होते. यवतमाळहून येताना कळंबच्या अलीकडे आमचं गाव. त्या वर्षी कपाशीवर औषध फवारायला एक विमान आलं, अन् सारं गाव कामधंदा टाकून शेताकडे धावलं. लोक पंख पाहत होते. मी शेपूट पाहत होते. विमान शेताच्या धुऱ्यापाशी, बांधाजवळ आलं की शेपटीवरची एक फळी वर व्हायची, अन् विमान झपकन वर. बस, ती फळी माझ्या डोक्यात जाऊन बसली.

आमच्याकडे पोट्टे, म्हणजे पोरं, ज्वारीच्या वाळल्या धांड्यांच्या बैलगाड्या करायचे. धांडा सोलला की आत पांढरं, हलकं भेंड निघते. बोटानं दाबलं तर दबते, फुंकलं तर उडते. मी त्याचं विमान करायला घेतलं. भेंडाचे तुकडे एकाला एक लावायचे, वरच्या सालीच्या चोया आरपार घालायच्या, जोडाला बाभळीचा काटा ठोकायचा, वरून डिंक. किती पंख मोडले असतील! शेणाच्या टोपल्या तशाच पडून राहायच्या, अन् माय ओरडायची, "अवं, लग्न त्या धांड्यासंगं लावाचं का तुयं?" पण वाकळ शिवायचा दोरा तिनंच दिला मला, न मागता.

दोरे दोन लागायचे. बांबूच्या काठीला दोन्ही अडकवायचे, मधोमध उभं राहायचं अन् काठी गोल फिरवत विमान भोवती पळवायचं. एका दोऱ्यावर विमान ताणून राहायचं. दुसरा शेपटीच्या फळीपर्यंत, त्याचं टोक माझ्या बोटाला. तो अलगद ओढला की विमान चढलं, सोडला की उतरलं. सगळं तोलावर. दोन बोटांवर पंख ठेवला तर नाक जरासं खाली झुकलं पाहिजे, त्यासाठी नाकाला मातीची गोळी. गोळी चण्याएवढी मोठी झाली तरी खेळ खलास.

आमच्या खळ्यात ते उडालं तेव्हा मी एकटीच ओरडले. मग गुरुजींनी पाहिलं अन् म्हणाले, सव्वीस जानेवारीला झेंड्यानंतर शाळेपुढे उडव. सगळ्या गावापुढे! मला तेवढंच पाहिजे होतं. काठी माझ्या हातात, अन् सारं गाव माना वर करून उभं.

मोठेबाबांनी, म्हणजे माझ्या बाबांच्या मोठ्या भावानं, हे ऐकलं. ते ग्रामपंचायतीत होते. आठ दिवस गावभर सांगत फिरले, "आमच्या घरचं विमान हाये बाप्पा." माझं नाव नाही. आमच्या घरचं!

त्या दिवशी झेंडा झाला. मी काठी घेऊन पुढे आले, तर मोठेबाबा पूजेचं ताट घेऊन हजर. नवी गाडी आली, नवा वखर आला की आमच्याकडे पूजा होते, मग विमानाची का नाही! तांब्यातलं पाणी शिंपडलं, हळदीकुंकवाचा लेप दिला, नाकावर ओल्या अक्षता दाबून बसवल्या. वरून झेंडूचा हार. विमानाला हार!

"मोठेबाबा, पाणी नोका टाकू. भेंड पाणी पेते, जड होते."

"गप वं. अशुभ बोलू नोको."

"हार तरी काढा. उडणार नाही."

"नवरदेवाले हार जड होते का?" सगळे हसले. मग माझ्या हातातली काठी त्यांनी घेतली. अशी घेतली जशी काही मी त्यांच्यासाठीच धरून उभी होते. "पहिला मान मोठ्या माणसाचा असते," म्हणाले.

मी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी झेंड्याकडे पाहत होते.

मोठेबाबांनी काठी अशी फिरवली जशी गोफण फिरवतात. विमान अर्धा फेरा गेलं, नाक खाली घातलं अन् थेट झेंड्याच्या ओट्यावर. एक पंख तुटला. झेंडू पायाखाली. अन् मोठेबाबा काय म्हणाले? "पोट्टीनं केलेलं हाये ते. मंग कसं उडीन?"

आठ दिवस घरचं होतं. पडल्याबरोबर पोट्टीचं झालं!

मी रडले नाही. विमान उचललं अन् घरी आले. माय म्हणाली, "जाऊ दे वं." मी म्हटलं, "तू कायले जाऊ देतं नेहमी?" संध्याकाळी तिनं धांडे आणून माझ्यापुढे टाकले, चांगले जाड, वेचून. मी ओलं नाक कापून फेकलं, नवा पंख बसवला. खळ्यात ते परत उडालं. माय कुडापाशी उभी राहून पाहत होती. मोठेबाबांना मी बोलवायला गेले तर म्हणाले, "मले कामं हायेत."

दुसऱ्या साली तेच मोठेबाबा गूळ लावत आले. "अवं बाई, अवंदा सव्वीस जानेवारीले यवतमाळहून साहेब येऊन राह्यले. ते विमान कर ना एक मस्त."

"करतो. काठी कोणाच्या हातात राहीन?"

"साहेबाच्या. पाव्हण्याचा मान असते."

"मंग विमान बी साहेबालेच कराले सांगा."

"लय जीभ चालते हिची!" ते मायवर ओरडले. मला वाटलं, आता माय मला दटावते. ती पोळी लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "भाऊजी, तिचंच तर हाये ते."

मी केलं नाही. साहेब आले, लेझीम पाहून गेले. मी शाळेत गेलेच नाही, खळ्यात मागचंच विमान उडवत होते, काठी माझ्या हातात होती. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी गैरहजर म्हणून अंगठे धरायला लावले. घंटा होईस्तोवर धरले. ते येता-जाता विचारत होते, "चुकलं म्हणतं का?"

नाही म्हटलं. आजही म्हणत नाही.